नाकात काडी, दारात गाडी

२०२१ च्या भाद्रपदात करोनामुळं महाराष्ट्रातले देव कुलपात होते आणि कर्नाटकातले मोकळे. कर्नाटकानं ५ जुलैलाच देवळं उघडली होती; आपल्याकडची कुलपं निघाली ती थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या मुहूर्तावर. मधल्या काळात साताऱ्या-सांगलीकडचा भाविक जाळीच्या दाराबाहेरून कळसाला हात जोडत होता आणि मनातल्या मनात सीमाभागाचा नकाशा उघडून बसला होता. आमच्या घरात हा नकाशा आईनं उघडला.

गोकर्णाला जायचं, असं तिनं जाहीर केलं तेव्हा गणपती नुकतेच उठले होते आणि पक्षपंधरवडा लागला होता. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आमच्या आण्णाकाकांनी ताबडतोब हरकत नोंदवली. "वहिनी, पक्षात कुणी फिरायला जातं का?"

"फिरायला जात न्हाईत," आई म्हणाली, "पन गोकर्णाला पितरांसाठीच जात्यात. मग ते फिरनं कसं हुईल?"

पितरांच्या कामाला जाताना पुढं मुरुडेश्वर, जोगचा धबधबा आणि अथांग समुद्र लागतो, त्याला कुणाचा इलाज? आण्णांनी शेवटचा डाव टाकला. गोकर्णाचा देव म्हणजे महाबळेश्वर. आपलं महाबळेश्वर साताऱ्यातल्या आपल्या शाहूपुरीतून दीड तासावर, आपल्याच जिल्ह्यात, तिथं जाऊ. "त्यो बी कुलपातच हाय की," एवढं बोलून आईनं विषय संपवला.

सांगलीत विश्रामबागेला ताई-दाजींना फोन गेला. तेही तयार झाले. दोन्ही घरं मिळून तेरा माणसं भरली, एक ट्रॅव्हलर ठरली, 'चलो गोकर्ण' नावाचा ग्रुप निघाला आणि त्यावर पहिल्याच दिवशी भाच्यानं एक बातमी टाकून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. जुलै संपता संपता कर्नाटकानं हुकूम काढला होता: महाराष्ट्र आणि केरळातून येणाऱ्याजवळ ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल हवा. लस घेतली असो वा नसो.

आईला हे फार लागलं. तिचे दोन्ही डोस झाले होते. प्रमाणपत्र तिनं लॅमिनेट करून देवघरात ठेवलं होतं. "परधानमंत्र्याचा फोटू असल्याला कागद बी चालत न्हाई?" असं तिनं सगळ्यांना विचारून पाहिलं. तिच्या तरुणपणी पंढरीला जाताना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे. पण सुई टोचली की विठोबा भेटायचा. टोचल्यावर पुन्हा नाकात काडी घाला, असं म्हणायला कुणी आलं नव्हतं.

मेमध्येच, म्हणजे ४ मे २०२१ ला, दिल्लीतल्या आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेनं एक सूचना काढली होती. प्रयोगशाळांवर ताण आहे, तेव्हा राज्याराज्यांतून प्रवास करणाऱ्या निरोगी माणसांची ही तपासणी बंद केली तरी चालेल, असा तिचा आशय. आण्णांनी ती छापून आणली आणि लाल शाईनं अधोरेखित केली. कोगनोळीच्या सीमानाक्यावर दाखवू म्हणाले. मुख्याध्यापकाचा कागदावर विश्वास असतो. दाजी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मुनीम. त्यांचा विश्वास फक्त समोरच्या माणसाला हव्या असलेल्या कागदावर. "आण्णा, दिल्लीचा कागद दिल्लीत चालतोय," ते फोनवर म्हणाले. "कोगनोळीत कोगनोळीचा लागतोय."

तसं पाहिलं तर आमच्या दोन्ही जिल्ह्यांना तेव्हा तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. २ ऑगस्टला राज्य सरकारनं निर्बंध सैल केले, त्यातून अकरा जिल्हे वगळले होते, आणि त्या नापासांच्या यादीत सातारा होता, सांगली होती. कोल्हापूरही होतं, एवढाच काय तो दिलासा. मुंबई-ठाण्याचे पाहुणे, ज्यांना आम्ही आदल्या वर्षी "तिकडंच थांबा, गावाकडं येऊ नका" म्हणालो होतो, ते आता आम्हाला फोन करून "तिकडंच थांबा" म्हणत होते. आवाजातला आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

आणि इथून आमच्या घराची अवस्था चमत्कारिक झाली. २०२० मध्ये आम्ही रोगाला घाबरत होतो. दुसऱ्या लाटेत घाबरायलाही सवड मिळाली नाही. सप्टेंबरपर्यंत मात्र रोग जरा लांब गेल्यासारखा वाटत होता आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीत अहवाल येऊन बसला होता. रोग झाला तर लोक हळहळतात, शेजारून डबा येतो, दाराशी कुणी शहाळं ठेवून जातं. सहलीच्या तोंडावर पॉझिटिव्ह आलेल्याला शहाळं कोण देतो? त्याच्यावर तेरा जणांची सहल बुडवल्याचा आळ येतो आणि तो पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात निघतो. मरणाची भीती माणूस एकवेळ पचवतो. "तुझ्यामुळं राहिलं हं आमचं गोकर्ण" हे वाक्य पचवणं कठीण.

त्यामुळं स्वतःची काळजी सोडून जो तो दुसऱ्यावर नजर ठेवू लागला.

पहिला संशय आत्यावर गेला. आत्या रोज सकाळी उठली की सलग सात शिंका देते. आमच्या आळीत लोक त्यावर दुधाची वेळ ओळखतात. आजवर या शिंकांचं कौतुक होतं. आता पहिली शिंक आली की घरभर शांतता पसरायची आणि कुणीतरी मोजायला लागायचं. आठवी आली तर काय, या भीतीनं बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. आत्यानं दोन दिवस शिंका दाबून पाहिल्या. तिचे डोळे लाल झाले. मग डोळे लाल का झाले, यावर ग्रुपवर चर्चा झाली.

दुसरा संशय दाजींवर. त्यांना जूनच्या अखेरीस करोना होऊन गेला होता. बरं झालेल्याच्या नाकात विषाणूचे मेलेले तुकडे कित्येक आठवडे राहू शकतात आणि तपासणीला मेलेला-जिवंत कळत नाही, हे आता गल्लीतल्या पोरालाही माहीत होतं. म्हणूनच एकदा पॉझिटिव्ह येऊन बऱ्या झालेल्याची पुन्हा तपासणी करू नये, असंही मेच्या त्याच सूचनेत लिहिलं होतं. आण्णांचा कागद फालतू म्हणणाऱ्या दाजींनी त्याची एक झेरॉक्स गुपचूप मागवून घेतली, हे मला ताईकडून कळलं.

तिसरा संशय माझ्या धाकट्यावर, कारण तो शाळकरी असून घरात गप्प बसत होता.

उपाय सुरू झाले. तपासणीत पास व्हायचं तर आधी अभ्यास हवा, अशी आमची परंपरा. सांगलीहून दाजींनी राजापुरी हळदीची पिशवी एसटीतून पाठवली. साताऱ्यात ती दुधात, काढ्यात, गुळण्यांच्या पाण्यात आणि एकदा चुकून चहात पडली. रात्री सगळे डोक्यावर टॉवेल घेऊन ओळीनं वाफ घेत बसायचे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या एवढ्या झाल्या की मोरीपाशी रांग लागू लागली. नाकपुडीत गाईचं तूप सोडलं तर विषाणू घसरून पडतो, असं एका निरोपात आलं होतं. आईनं ते घातलं. आण्णांनी शास्त्रीय आधार विचारला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याही मिशांना तुपाचा वास येत होता.

एक चुलतभाऊ कराडहून म्हणाला, एवढं कशाला करताय, माझ्या ओळखीचा आहे, नाकाला हात न लावता निगेटिव्ह देतो. क्षणभर घरात मोहाची झुळूक आली. मोडली ती आईनं. "देवाला जायाचं आन् खोटा कागद घिऊन जायाचं? मग पितर काय जेवायला येत्यात व्हय?"

दराचा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे गोड निघाला. २०२० च्या मार्चमध्ये खाजगी प्रयोगशाळेत याच तपासणीला ४५०० रुपयांपर्यंत पडत. सरकार दर उतरवत गेलं आणि ३१ मार्च २०२१ च्या आदेशानं राज्यात केंद्रावर जाऊन दिली तर ५००, घरी बोलावलं तर ८०० झाले. ताईनं लगेच हिशेब मांडला की तेरा जणांचे गेल्या वर्षीच्या दरानं साडेअठ्ठावन्न हजार झाले असते, म्हणजे आपण बावन्न हजार वाचवले. न झालेल्या खर्चातून वाचलेल्या पैशांवर तिनं मुरुडेश्वरला एसी खोल्या ठरवल्या.

खरा घोळ घातला तो ७२ तासांनी. हे तास कुठून धरायचे? काडी नाकात गेली तिथून, की अहवाल हातात आला तिथून? पहाटे निघून दुपारी नाक्यावर पोचायचं, तर नमुना कुठल्या दिवशी कुठल्या वेळी द्यायचा? लवकर दिला तर मुदत संपते. उशिरा दिला तर अहवाल येत नाही आणि गाडी दारात उभी राहते. सातारकर नमुना साताऱ्यात देणार, सांगलीकर सांगलीत, आणि दोघांचे ७२ तास एकाच नाक्यावर जिवंत असायला हवेत. दाजींनी अडतीवरच्या लाल वहीत दोन रकाने पाडले, सांगली एका बाजूला, सातारा दुसऱ्या. त्यात गाडी पंक्चर होण्याचे दोन तास, आईच्या गुडघ्यांसाठी थांबण्याचा एक आणि पेठनाक्यावरच्या चहाचा अर्धा तास खर्ची टाकला होता. मग भाचा म्हणाला, मिरजेवरून म्हैसाळ, तिथून कागवाड, जवळचा रस्ता आहे. दाजींनी सबंध पान खोडून नवं मांडलं. त्यांनी आयुष्यात हळदीचा एवढा मोठा सौदा केला नसेल. शेवटी कोगनोळीच ठरलं, कारण कागवाडच्या बाजूला दाजींचे इतके ओळखीचे लोक निघाले असते की चहापाण्यातच मुदत टळली असती.

काडीचा दिवस उजाडला. केंद्राच्या आवारात मांडव घातलेला, प्लास्टिकच्या खुर्च्या हातभर अंतरावर. आत एक माणूस नखशिखांत पांढऱ्या पोशाखात, छातीवर मार्करनं नाव लिहिलेलं, म्हणजे आतल्या माणसाची ओळख पटावी. आधी आधार कार्ड, मग मोबाइल, मग ओटीपी. आम्ही सगळ्यांचा नंबर आण्णांचाच दिला होता, आणि आण्णांचा चष्मा घरी राहिला होता. ओटीपी वाचायला त्यांनी फोन लांब धरला, आणखी लांब धरला, शेवटी मागच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईंनी वाचून दाखवला.

काडी दिसायला अगदीच किरकोळ. टोकाला कापसासारखा पुंजका, मध्ये एक बारीकशी खाच. ती नाकपुडीतून सरळ आत जाते, आणि आपल्याला वाटतं की आता नाक संपलं, तिथून पुढं तिचा खरा प्रवास सुरू होतो. डोळ्यांत पाणी येतं. आत ती गोल फिरवतात. मग बाहेर काढून गुलाबी पाणी भरलेल्या इवल्याशा नळीत घालतात आणि खाचेपाशी टक्‌कन मोडतात. तो आवाज ऐकला की पुढच्या खुर्चीवरचा माणूस आपोआप ताठ बसतो. बायको म्हणाली, काही नाही हो, गुदगुल्या होतात, आणि पाच मिनिटं कुणाशी बोलली नाही. आण्णांनी पोशाखवाल्याला वाटेत थांबवून १८९७ सालच्या प्लेगची माहिती दिली. तेव्हा रेल्वे स्टेशनावर उतारूंच्या काखा-जांघा चाचपून गाठी शोधत, आणि त्या वर्षी केलेला साथरोग कायदाच २०२० मध्ये आपल्यावर लावला गेला. त्या मानानं काडी ही सुधारणाच म्हणायची. तो बिचारा म्हणाला, "सर, मान वर करा."

आत्याची पाळी आली आणि काडी नाकाशी जाताच तिला शिंक आली. त्यामागून राहिलेल्या सहाही आल्या. आवारातल्या सगळ्या खुर्च्या एक एक हात मागं सरकल्या. पोशाखवाला मात्र जागचा हलला नाही. त्यानं शांतपणे सातवी होऊ दिली आणि काम उरकलं. सरकारनं अशा माणसांना काहीतरी पदक द्यायला हवं होतं.

अहवालाची वाट बघताना आण्णांनी आम्हाला पीसीआरचा जन्म सांगितला. ज्या तपासणीनं आमची सहल अडवली, ती स्वतः सहलीतच जन्मली. १९८३ साली कॅरी म्युलिस नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ शुक्रवारी रात्री गाडी चालवत कॅलिफोर्नियातल्या आपल्या रानातल्या घरी सुट्टीला निघाला होता. शेजारी मैत्रीण झोपलेली. रस्त्यात त्याला युक्ती सुचली, त्यानं गाडी बाजूला घेतली आणि कागदावर टिपून ठेवली. पुढं १९९३ मध्ये नोबेल मिळालं. युक्ती अशी की डीएनएच्या एका तुकड्याचे दोन करायचे, दोनाचे चार, चारांचे आठ; तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर जातात. करोनाचा आरएनए आधी डीएनएत उतरवून घ्यायचा आणि मग हाच खेळ. आपल्याकडं पस्तिसाव्या फेरीपर्यंत सापडला तरी पॉझिटिव्ह.

"ही तर सावकारी झाली," दाजी फोनवरून म्हणाले. "नाकात कणभर असलं तरी चक्रवाढीनं वसूल."

म्युलिस २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेला. चार-सहा महिन्यांनी सगळं जग त्याच्या फेऱ्यांत अडकलं ते बघायला तो राहिला नाही. आई एवढंच म्हणाली, "त्याला कुनी विचारलं न्हाई वाटतं वाटंत, रिपोट हाय का म्हनून."

त्या रात्री कुणी झोपलं असं मला वाटत नाही. सामान बांधायचं तर अपशकुन, न बांधायचं तर पहाटे गोंधळ. म्हणून पिशव्या भरल्या पण चेनी लावल्या नाहीत. कंदी पेढ्यांचे पुडे आणले होते, ते निगेटिव्ह आलं तर गाडीत फोडायचे आणि पॉझिटिव्ह आलं तर शेजारी वाटायचे, असं दुहेरी नियोजन होतं. जेवणं झाल्यावर हळूच तो नको असलेला विषय निघाला. समजा, एकच जण आला तर? समजा हं. सगळे "मग कुणीच जायचं नाही" असं एका सुरात म्हणाले आणि मग प्रत्येकानं मनात यादी केली की कुणाला ठेवून जाणं सोपं पडेल. मला माझं नाव बायकोच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. बँकेचं काम होतंच की माझं.

अहवाल आले ते आण्णांच्या फोनवर, एकेक करून, अर्ध्या तासाच्या अंतरानं. बॅटरी चार टक्के. प्रत्येक फाइल उघडायला आण्णा आवंढा गिळत आणि ठळक अक्षरातला शब्द सोडून आधी पत्ता, वय, नमुना घेतल्याची वेळ असं वरून खाली क्रमवार वाचत. मुख्याध्यापकांनी निकाल असाच वाचायचा असतो. धाकटा निगेटिव्ह, बायको निगेटिव्ह, मी निगेटिव्ह. आत्याचा आला आणि आण्णांचा आवाज थांबला. फोन बंद पडला होता. चार्जर सापडेपर्यंत आत्यानं सहा देवांना नवस बोलून घेतले. निगेटिव्ह. सांगलीहून दाजींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "सगळ्यांचं निगेटिव्ह आलंय. माझं पण आलंय. माझं पण!" आयुष्यात प्रथमच आमच्या घरात नकारासाठी पेढे वाटले गेले.

पहाटे ट्रॅव्हलर शाहूपुरीत आली. सांगलीत ताई-दाजी चढले तेव्हा दाजींच्या हातात भडंगाची पिशवी होती आणि काखेत फाइल. तेरा अहवाल, प्रत्येकाला वेगळं पाकीट, वर नाव, खाली मुदत संपण्याची वेळ. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं, शिरोलीला महामार्ग लागला. कागल दिसायला लागलं तसे दाजी मोजू लागले आणि मध्येच थांबले. त्यांनी पुन्हा मोजलं.

"गाडीत माणसं किती हाईत?"

"तेरा," ताई म्हणाली.

"आनि गाडी कोन चालवायलंय?"

सगळ्यांच्या माना ड्रायव्हरकडं वळल्या. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. रस्त्यावरची नजर न काढता त्यानं डोक्यावरची झडप खाली ओढली. तिथं रबरबँड लावलेलं कागदांचं पुडकं होतं.

"कुठला काढू?" तो म्हणाला. "परवाचाच हाय वरचा. आमचं तीन दिवसाला एक आसतंय. एकदा डावी नाकपुडी, एकदा उजवी."

"मग तुला भ्या वाटत न्हाई व्हय रं?" आईनं विचारलं.

"वाटतंय की. पॉझिटिव्ह आलो तर गाडी हुबी ऱ्हाती. हप्ता हुबा ऱ्हात न्हाई."

नाक्यावर रांग होती. पोलिसानं कन्नडात काहीतरी विचारलं, मग मराठीत विचारलं, दाजींनी दोन्ही भाषांना फाइल पुढं केली. त्यानं पाकिटं चाळली, खिडकीतून आत डोकावून माणसं मोजली, आणि हातानं पुढं जायची खूण केली. आण्णा दिल्लीचा कागद काढायच्या आत गाडी हलली होती.

नाका मागं पडला आणि मागच्या बाकावरून आधी एक बारीक शिंक आली. आत्याची. तिनं साताऱ्यापासून धरून ठेवली होती. मग दुसरी. मग आण्णा खाकरले, तेही पोटापासून, कित्येक दिवसांचं साचलेलं. दाजींना ठसका लागला, भडंग घशात गेलं म्हणाले, पण पिशवी अजून बंदच होती. ताई खोकली, बायको खोकली, धाकट्यानं तर नाक शिंकरून घेतलं. आई म्हणाली, खोका बाळांनो, पोटभर खोका.

ड्रायव्हरनं काही न बोलता मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला आणि सगळ्या काचा खाली करायला सांगितल्या.